एजंटाला पैसे देण्याआधी: कॅनडाच्या तलावावर पोहणं शिकवायला येऊ पाहणाऱ्या सोलापूरच्या मुलाला

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बी.पी.एड. झालंय, जुळे सोलापुरात राहतोस, चार उन्हाळे शिबिरांत पोरांना पोहायला शिकवलंस. शहरातल्या एका एजंटानं सांगितलंय की कॅनडात स्विमिंग इन्स्ट्रक्टर मिळत नाहीत, वर्क परमिटवर पाठवतो, दोन वर्षांत पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, पक्का. त्यासाठी तो आठ लाख मागतोय. तुला विचारायचंय की इथं काम नेमकं काय असतं, आपली सर्टिफिकेटं चालतात का, पगार पुरतो का, आणि यावं की नाही.

शेवटचं आधी सांगते. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नकोस.

मी ओंटारियोतल्या एका शहराच्या सार्वजनिक तलावावर लीड इन्स्ट्रक्टर आहे. २०१६ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे इथं आलो. पोहणं शिकवायच्या जोरावर मी आले नाही, हे मुद्दाम सांगते, कारण तुझ्यासारखं विचारणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा तसा समज असतो.

कॅनडा सरकार प्रत्येक कामाला एक क्रमांक देतं, त्याला एनओसी म्हणतात (आपल्याकडचं ना-हरकत पत्र नव्हे), आणि त्या कामाला किती शिक्षण-प्रशिक्षण लागतं यावरून त्याची टीअर, म्हणजे श्रेणी ठरवतं, ० ते ५. पोहणं शिकवणारे येतात ५४१०० मध्ये, टीअर ४. एक्स्प्रेस एन्ट्री या गुणांवर चालणाऱ्या सरकारी योजनेतून पीआर मागायचं तर कामाचा अनुभव टीअर ० ते ३ मधला लागतो. हेच काम जुन्या यादीत ५२५४ या क्रमांकाखाली होतं आणि तेव्हा चालायचं. १६ नोव्हेंबर २०२२ ला नवी यादी लागू झाली आणि ते बाहेर पडलं. (त्याच दिवशी शिंपीकामही बाहेर गेलं. युनिफॉर्म शिवणाऱ्या आपल्या गावात कुणी यायचं म्हणत असेल तर त्यालाही सांग.) एजंटाला एवढंच विचार की ५४१०० कुठल्या टीअरमध्ये येतं, ते लिहून दे. नोकरीच्या ऑफरवर जादा गुण मिळतात असं तो म्हणेल, तर ते गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झालेत. आणि परदेशी माणूस कामावर घ्यायच्या परवान्याची फी मालकानं कामगाराकडून वसूल करणं इथं बेकायदा आहे.

इन्स्ट्रक्टर कमी पडतात हे मात्र खरं. करोनानंतर तर वर्ग रद्द करायची वेळ यायची. पण त्या जागा भरतात गावातलीच सोळा-सतरा वर्षांची पोरं, शाळा सांभाळून. त्यासाठी परदेशातून माणूस आणणारं एकही शहर मी पाहिलेलं नाही.

स्पर्धेची तयारी करून घेणारा कोच वेगळा धरतात. तो ५३२०१, टीअर ३. तुझा ओढा तिकडे असेल तर एनआयएसची (पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची) पदविका, जिल्हा-राज्य पातळीवर तयार केलेली मुलं, त्यांच्या वेळांच्या नोंदी, हे सगळं आत्तापासून जमव. फक्त पत्रावर 'कोच' लिहून भागत नाही, रोजची कामं काय होती ते तपासतात. शिक्षणासाठी यायचं म्हणत असशील तर शिकताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं. पण १ नोव्हेंबर २०२४ पासून बहुतेक कॉलेज कोर्सनंतरचं वर्क परमिट ठराविक विषयांनाच मिळतं. क्रीडा व्यवस्थापनाचा कोर्स कुणी गळ्यात मारत असेल तर तो विषय यादीत आहे का, ते सरकारी संकेतस्थळावर स्वतः बघ.

आता कामाकडे येते, कारण कुठल्याही रस्त्यानं आलास तरी पाणी तुला सुटणार नाही, हे तुझ्या प्रश्नावरून कळलं.

आपली सर्टिफिकेटं इथं चालत नाहीत. तुझा अनुभव मुलाखतीत मोलाचा ठरेल, पण डेकवर, म्हणजे तलावाच्या काठावर, कामाला उभं राहायला इथल्या लाइफसेव्हिंग सोसायटीचे कोर्स लागतात. १९४६ पासून इथं रेड क्रॉसही पोहणं शिकवायचा कार्यक्रम चालवायचा. २०२२ मध्ये त्यांनी तो थांबवला आणि तलाव सोसायटीच्या 'स्विम फॉर लाइफ' या कार्यक्रमाकडे वळले. क्रम असा: ब्राँझ मेडॅलियन, ब्राँझ क्रॉस, स्टँडर्ड फर्स्ट एड, मग नॅशनल लाइफगार्ड आणि इन्स्ट्रक्टरचा कोर्स. लाइफगार्डचं दर दोन वर्षांनी पुन्हा परीक्षा देऊन नवं करायचं. त्या परीक्षेत ४०० मीटर १० मिनिटांत, ५० मीटर डोकं पाण्याबाहेर ठेवून ६० सेकंदांत, आणि तळातून ९ किलोचं वजन वर काढायचं असतं. तू हे सरावानं करशील. नापास होतात ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि मी तिथंच झाले.

मी पवायला शिकले मोहोळ तालुक्यातल्या मामाच्या विहिरीत. पाठीला डबा, मामा काठावर, आणि 'हाण पाय' एवढाच धडा. बुडणारा दिसला की उडी टाकायची, हे तेव्हापासून अंगात भिनलेलं. परीक्षेच्या दिवशी एका मुलानं खोल बाजूला हातपाय झाडायचं नाटक केलं. मी बघितलं आणि सूर मारला, त्याला काठाला आणलं. परीक्षक म्हणाले, नापास. मी शिट्टी वाजवली नव्हती. माझा भाग दुसऱ्या गार्डच्या हवाली केला नव्हता. आणि मी त्या मुलाला ओढत असताना, ठरल्याप्रमाणे दुसरी एक मुलगी माझ्याच भागात तळाला जाऊन निपचित पडली होती. मला ती दिसलीच नाही. खरोखरचा प्रसंग असता तर एकाला वाचवताना मी दुसरी गमावली असती. दुसऱ्यांदा पास झाले, पण ती तळाशी पडलेली मुलगी अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, आणि नव्या इन्स्ट्रक्टरांना मी पहिल्या दिवशी हाच प्रसंग सांगते.

विहिरीत मला तळ कधी दिसला नव्हता. ओंटारियोच्या नियमात आहे की तलावाच्या सर्वांत खोल जागी ठेवलेली १५० मिलिमीटरची काळी चकती ९ मीटरवरून स्पष्ट दिसली पाहिजे. पाणी तेवढं नितळ नसेल तर लोकांना आत सोडायचं नाही. सकाळी आल्यावर मी आधी ती चकती बघते, मग बाकीचं.

बाकीचं म्हणजे काय, तर शनिवार सांगते. आठ वाजता पहिला वर्ग, अर्ध्या अर्ध्या तासाचे वर्ग दुपारपर्यंत, एका वेळी पाण्यात सात-आठ गट. सत्राचा पहिला शनिवार सर्वांत अवघड. पालकांनी मुलाला मनानंच वरच्या पातळीत घातलेलं असतं. पहिल्या दहा मिनिटांत मी डेकवरून फिरत बघते: कुणाचं तोंड पाण्यात जात नाही, कुणी उताणं तरंगताना हनुवटी छातीला लावतंय, कुणी आधीच दोन पातळ्या पुढं आहे. मग त्यांना गटांतून हलवायचं, रडू न देता, आणि बाहेर बाकावर बसलेल्या आईबापांना समजावायचं. तेवढ्यात एका इन्स्ट्रक्टरचा आजारी असल्याचा निरोप आलेला असतो, मग तो गट मी घेते. लीड म्हणजे सर्वांत चांगलं पोहणारा नव्हे. माझ्या हाताखालची दोन पोरं माझ्यापेक्षा कितीतरी वेगानं पोहतात. वर्गाचे आराखडे तपासणं, नव्या इन्स्ट्रक्टरचा वर्ग शेजारी उभं राहून बघणं, प्रगतिपुस्तकं वेळेत लिहून घेणं, हे माझं काम. ही मुलं मला नावानं हाक मारतात. इथं सर-मॅडम नाही. पहिले काही महिने ते कानाला खटकतं, मग सवय होते.

शिकवायची पद्धत तुला बदलावी लागेल, आणि ही गोष्ट मला तुला सर्वांत कळकळीनं सांगायची आहे. आपण पोराच्या कमरेला धरतो, पाय ओढून दाखवतो, घाबरलं तर ढकलतो. इथं मुलाला हात लावण्याआधी विचारायचं, 'पाठीखाली हात धरू का?' आणि ते नाही म्हणालं तर नाही. हात सगळ्यांना दिसतील असेच ठेवायचे. कपडे बदलायच्या खोलीत किंवा कुठंही मुलाबरोबर एकटं राहायचं नाही. कामाला लागायच्या आधी पोलिसांकडून व्हल्नरेबल सेक्टर चेक, म्हणजे मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पोलिस नोंदींची तपासणी, करून आणावा लागतो. मला सुरुवातीला वाटलं, हा आपल्यावर अविश्वास आहे. पुढं एका सहा वर्षांच्या मुलीनं तीन आठवडे नाही म्हटलं आणि चौथ्या आठवड्याला आपणहून माझ्या हातावर डोकं टेकवलं. तशी मान टाकून तरंगणारं मूल मी सोलापुरात पाहिलं नव्हतं. तिथं मुलं सगळी आखडलेली असायची, कारण पुढच्या क्षणी हात निघेल याची त्यांना खात्री असायची.

आणि ध्येय वेगळं. आपण फ्रीस्टाइलपासून सुरू करतो. इथला पाया म्हणजे 'स्विम टू सर्व्हाइव्ह': खोल पाण्यात अचानक गोलांटून पडणं, एक मिनिट जागच्या जागी तरंगणं, मग ५० मीटर जाणं. हात कसाही पडला तरी चालतो. बहुतेक माणसं ठरवून पाण्यात उतरून बुडत नाहीत, ती चुकून पडतात, म्हणून ते आधी गोलांटून पडणं. तू इथं ये न ये, हे तीन टप्पे येत्या उन्हाळ्यात तुझ्या शिबिरात सुरू कर. कालव्याकाठी, शेततळ्याकाठी राहणाऱ्या पोरांना बटरफ्लाय आला नाही तरी चालेल, हे आलं पाहिजे.

तुझी एक गोष्ट इथं फार उपयोगी पडेल, जी तू प्रश्नात लिहिलीच नाहीस. सोलापूरच्या माणसाच्या कानावर चार भाषा असतात. आमच्याकडे फक्त बायकांसाठी वेगळी वेळ असते. त्यात पन्नाशी-साठीच्या बायका येतात, पंजाबच्या, सोमालियाच्या, आंध्र-तेलंगणाच्या, ज्यांनी आयुष्यात कधी तोंड पाण्यात घातलेलं नाही. त्यातल्या एक तेलुगू आजी दोन महिने पायरीवरून पुढं सरकेनात. इंग्रजीत मी सगळं सांगून झालं होतं. एकदा मी त्यांना आमच्या लहानपणच्या शेजारणीच्या तेलुगूत म्हटलं, 'ऊपिरी वदलंडी', श्वास सोडा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसल्या, आणि पाण्यात बुडबुडे सोडले. सोलापुरात साखर पेठेसारख्या तेलुगू वस्तीच्या बाजूला वाढलेल्या पोराला ही भाषा कुणी मुद्दाम शिकवत नाही, ती अंगवळणी पडते. मुलाखतीत हे अभिमानानं सांग.

पगाराचं थोडक्यात. ओंटारियोत १ ऑक्टोबर २०२५ पासून किमान वेतन तासाला १७.६० डॉलर आहे. इन्स्ट्रक्टरला त्याहून थोडं जास्त, लीडला आणखी थोडं. अडचण दराची नाही, तासांची आहे. सुरुवातीला आठवड्याला बारा ते वीस तास मिळतात, तेही पहाटे, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी तुकड्यातुकड्यानं. दोन सत्रांच्या मध्ये तर काहीच नाही. वीस तास, वीस डॉलर धरले तरी आठवड्याचे चारशे, कर कापायच्या आधी. यावर एकट्याचं घर चालत नाही. मी ते पेललं कारण घरात दुसरा पगार होता. पूर्णवेळ जागा शहराकडे मोजक्याच असतात, आणि तिथं पोचायला वर्षं जातात. उणे पंधरात ओले केस घेऊन बससाठी उभं राहायचं, ते त्याशिवाय.

म्हणून माझ्या मते तू दोन वर्षं सोलापुरातच थांबावंस. राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटीचं मुख्यालय पुण्यात आहे, त्यांचे जीवरक्षणाचे कोर्स कर, म्हणजे इथल्या परीक्षेची भाषा परकी वाटणार नाही. शिबिराच्या आयोजकांकडून लेटरहेडवर पत्र घे: कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, आठवड्याला किती तास, किती मुलं, कुठली कामं. मी हे घेतलं नव्हतं, आणि सोलापुरात शिकवलेली माझी सहा वर्षं इथं कागदावर शून्य धरली गेली. इंग्रजी बोलायचा सराव कर, पण निबंधाचं नको, सूचनांचं. सहा वर्षांच्या मुलाला पाच शब्दांत काय करायचं ते सांगता आलं पाहिजे. आणि कोच, शिक्षण किंवा आणखी कुठला, जो रस्ता धरशील तो आधी सरकारी संकेतस्थळावर वाचून घे, मग कागदपत्रांसाठी परवानाधारक सल्लागारच बघ. त्यांचं नाव सरकारमान्य यादीत शोधता येतं.

येशील तेव्हा टॉवेल तिकडूनच आण, चार तरी. सोलापुरी टर्किशसारखं पाणी ओढणारा टॉवेल मला इथं मिळालेला नाही. आई शेंगाचटणी देणारच आहे, तिला वेगळं सांगायला नको.

आणि या रविवारी सकाळी तलाव रिकामा असताना कुणाला तरी घड्याळ घेऊन काठावर उभं कर. तलाव २५ मीटरचा असेल तर सोळा वेळा लांबी कापायची, भिंतीला धरून थांबायचं नाही. किती मिनिटं लागली ते मला कळव, तिथून पुढचं बोलू.