रक्ताच्या आजारांवर संशोधन करायचे आहे. अकरावीला गणित सोडावे का?

देवगड तालुक्यातील एका आंबा बागायतदारांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी यंदा दहावी उत्तीर्ण झाली. तिच्या मावसभावाला थॅलेसेमिया मेजर हा आनुवंशिक रक्तविकार असून दर तीन-चार आठवड्यांनी त्याला रक्त चढवावे लागते. ते पाहत वाढलेल्या या मुलीने तांबड्या रक्तपेशींवर संशोधन करण्याचे मनाशी ठरवले आहे. तिने डॉक्टर व्हावे की शास्त्रज्ञ, कमाई कधी सुरू होईल आणि अकरावीला गणित सोडले तर चालेल का, असे तीन प्रश्न वडिलांनी विचारले आहेत.

सप्रेम नमस्कार.

आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण प्रवेशाचा अर्ज भरण्याची वेळ आली आहे. गणित सोडू नये. जीवशास्त्र घेतले की गणिताची कटकट संपली, हा समज वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेपुरता खरा आहे. परंतु पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र अशा चारही विषयांवर असते. शिवाय आजचे रक्तसंशोधन जनुकांच्या प्रचंड माहितीवर चालते आणि ती संख्याशास्त्राशिवाय वाचता येत नाही. या विषयाला मोठी कलाटणी देणारे लायनस पॉलिंग मुळात रसायनशास्त्रज्ञ होते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन, म्हणजे तांबड्या पेशींतले प्राणवायू वाहणारे प्रथिन, विद्युतक्षेत्रात निराळ्या गतीने सरकते, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवले. पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी हा सारा फरक ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आल्यामुळे, म्हणजे प्रथिनाचा घटक असलेल्या एका अमिनो आम्लाच्या अदलाबदलीमुळे पडतो, हे शोधून काढले.

डॉक्टर की शास्त्रज्ञ, याचा निर्णय आज घेण्याची घाई नाही. रुग्णासमोर बसून उपचार करण्याची ओढ असेल तर एमबीबीएस, मग एमडी आणि त्यानंतर रक्तविकारशास्त्रात डीएम ही पुढची विशेषज्ञ पदवी, असा मार्ग आहे. पेशी अशी का घडते, हा प्रश्न स्वस्थ बसू देत नसेल तर बीएस्सी, एमएस्सी आणि पीएचडी. दोन्ही वाटांवरची माणसे एकाच प्रयोगशाळेत भेटतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. आज तेथे आनुवंशिक रक्तविकारांवर काम चालते. त्याच मुंबईत १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ या दुर्मीळ रक्तगटाची नोंद केली होती. संशोधनासाठी परदेशीच जावे लागते, असे आपल्याला कोणी सांगितले असेल तर ते तितकेसे खरे नाही.

कमाईबाबत मात्र गोड बोलणार नाही. एमएस्सीनंतरच्या ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. कायम नोकरी हाती येईपर्यंत मुलगी तिशीच्या आसपास असेल, आणि तोवर नातेवाईक ‘अजून शिकतेच आहे का?’ असे विचारत राहतील. नव्या कलमाचा मोहोर पहिली तीन-चार वर्षे स्वतःच्या हाताने खुडणाऱ्या माणसाला हे फार जड वाटू नये, एवढेच म्हणतो.

आता न विचारलेली गोष्ट. मावसभावाची व्यथा ही सुरुवात म्हणून चांगली आहे, पण रोजचे काम निराळे असते. काचपट्टीवर रक्ताचा थेंब ठेवून दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो एका दमात ओढायचा; थर जाड झाला तर टाकून पुन्हा. मग लिशमन रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न्याहाळत बसायचे. थॅलेसेमियात त्या लहान आणि फिकट दिसतात, काहींच्या मधोमध नेमबाजीच्या फळ्यासारखा गडद ठिपका असतो. हे शंभराव्या पट्टीवरही तिला पाहावेसे वाटते का, हे कळण्यासाठी सुट्टीत ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आठवडाभर तिला नुसते बसू द्यावे.

आणखी एक. मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, याचा अर्थ त्याचे आईवडील दोघेही वाहक आहेत, म्हणजे दोघांकडेही या आजाराचा एकेक सदोष जनुक आहे. मावशीला तो जनुक तिच्या आई किंवा वडिलांकडून आलेला असणार. म्हणून आपल्या पत्नीही वाहक असण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. वाहक व्यक्ती आजारी नसते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. परंतु पत्नीच्या रक्ताची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, अवश्य करून घ्यावी, आणि त्या वाहक निघाल्या तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मुलीचीही. अहवालात ‘हिमोग्लोबिन ए-२’ या नावापुढचा आकडा साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर तो बहुधा वाहकाचा असतो. डॉक्टर तो अहवाल समजावून सांगतील तेव्हा मुलीलाही सोबत न्यावे, आणि तिच्या मनातले प्रश्न तिलाच विचारू द्यावेत.