जुनी पिकअप सेल्फ घेत नाही? आधी कान द्या

लगेच नवा सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) आणू नका. मी आणला होता. दोष निघाला बॅटरीपासून चेसिसला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) जाणाऱ्या अर्थच्या तारेत: बोल्ट ढिला, खाली गंज. तो सेल्फ अजून खोक्यातच आहे.

चावी फिरवून ऐका:

- भराभर टकटक: बहुधा बॅटरी उतरलीय.
- एकच 'टक्', दिवे मात्र प्रखर: संशय सेल्फवर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर (सेल्फला बॅटरीचा करंट जोडणारा स्विच).
- इंजिन जोमात फिरतंय, पेटत नाही: बॅटरीचा नाद सोडा, इंधन आणि (पेट्रोल असेल तर) स्पार्क बघा.

साधा मल्टिमीटर घ्याच. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट हवेत, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. पण आकडा चांगला दिसला तरी टर्मिनल (बॅटरीला तार जोडलेली असते ती पकड) हाताने पिळून पाहा. जरा जरी हललं, किंवा त्यावर पांढरी-हिरवी पूड साचलेली असेल, तर काढून घासा. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना शेवटी.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये थंड होऊ द्या. रिले-वायरिंगला इतक्यात हात नको. आवाज कसला येतो ते कळवा, मग पुढचं बघू.