खुब्याच्या ऑपरेशनसाठी ठेव मोडावी का?

साताऱ्याच्या एका वाचक ताईंचे पत्र आले आहे. यजमानांचे वय ६७ असून उजव्या खुब्याचा सांधा पूर्ण झिजल्याने तो बदलावा लागणार आहे. पुण्यातल्या एका रुग्णालयाने मागच्या बाजूने करायच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेसाठी २ लाख ९० हजारांचा अंदाज दिला आहे व तिथे खोलीचे भाडे दिवसाला ४,००० रुपये आहे. दुसऱ्या रुग्णालयाने पुढच्या बाजूने, रोबोटच्या साहाय्याने करायच्या शस्त्रक्रियेसाठी ४ लाख ६० हजार सांगितले असून खोली ८,०००ची आहे. आरोग्य विमा ४ लाखांचा, साडेतीन वर्षे जुना आणि दिवसाच्या खोलीभाड्यावर विमा रकमेच्या एक टक्क्याची मर्यादा असलेला आहे. बंगळूरच्या चिरंजीवांचा आग्रह “बाबांसाठी उत्तम तेच घ्या” असा आहे. त्यासाठी १४ महिन्यांपूर्वी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवलेले १५ लाख मोडावेत का, हा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, ठेव मोडू नका. या योजनेतून गरजेपुरती रक्कम काढता येत नाही, खाते संपूर्ण बंद करावे लागते, आणि एक ते दोन वर्षांच्या दरम्यान ते बंद केल्यास मुद्दलाच्या दीड टक्का, म्हणजे तुमच्या बाबतीत २२,५०० रुपये कापले जातात. शिवाय दर तिमाहीला येणारे ३०,७५० रुपयांचे व्याज थांबते, आणि तुमच्या पत्रावरून दिसते की घरखर्च त्यावरच चालतो.

दोन अंदाजांतला १ लाख ७० हजारांचा फरक तुम्ही शस्त्रक्रियेच्या पद्धतीचा समजत आहात, पण तुमच्या खिशातून जाणाऱ्या पैशांचे खरे कारण खोली आहे. विमा कंपनी दिवसाला ४,०००पर्यंतच भाडे मान्य करते. तुम्ही ८,०००ची खोली घेतली की भाड्याबरोबर सर्जन, भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियागृह यांचे शुल्कही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्याने कापले जाऊ शकते. इम्प्लांट (म्हणजे बसवायचा कृत्रिम सांधा), औषधे आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही, असा विमा नियामकाचा नियम आहे. तुम्ही पाठवलेल्या तपशिलात दुसऱ्या रुग्णालयाच्या ४ लाख ६० हजारांपैकी या तिन्हींचे मिळून १ लाख ९० हजार आहेत, उरलेल्या २ लाख ७० हजारांवर कात्री लागते आणि १ लाख ३५ हजार तुमच्या अंगावर येतात. त्याच रुग्णालयात ४,०००ची खोली घेतली तर ही कपात होणार नाही. म्हणून दुसऱ्या रुग्णालयाकडून त्या खोलीचा अंदाज नव्याने, लेखी मागवा. तसेच पॉलिसीत रोबोटिक शस्त्रक्रियेसाठी वेगळी कमाल रक्कम ठरवली आहे का, हे विमा कंपनीला ईमेलने विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

पद्धतीचा निर्णय वैद्यकीय आहे आणि तो माझ्या अधिकारात येत नाही. पैशांच्या अंगाने मात्र एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. पुढून केलेल्या शस्त्रक्रियेत स्नायू बाजूला सारून सांध्यापर्यंत पोहोचता येत असल्याने पहिल्या काही आठवड्यांत चालणे थोडे लवकर सुधारते, पण पुढच्या काही महिन्यांत दोन्ही पद्धतींतला फरक बहुधा मिटतो. मागून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त न वाकवण्याचे, मांडी न घालण्याचे पथ्य पाळावे लागते. पुढून केलेल्या शस्त्रक्रियेत मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येण्याची शक्यता असते. रोबोट आणि चिरेची जागा हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, रुग्णालयाने ते एकाच पॅकेजमध्ये बांधले म्हणून ते एक होत नाहीत. दोन्ही सर्जनना विचारा की याच पद्धतीने वर्षाला किती खुबे ते स्वतः बदलतात. ज्यांचा हात एका पद्धतीवर बसला आहे, त्यांना त्याच पद्धतीने करू देणे मला पटते. इम्प्लांटचे नाव आणि छापील किंमतही लिहून घ्या. २०१७ साली सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली, त्या आदेशात खुबा नव्हता.

पैसा जिथे मोकळ्या हाताने खर्च करावा, ती जागा म्हणजे घरी परतल्यानंतरचे सहा आठवडे. माझ्या आईचा खुबा बदलला तेव्हा बिलाचा एकेक रुपया मी तपासला होता, पण तिला घरी आणल्यावर संध्याकाळी लक्षात आले की तिचा पलंग तिच्या गुडघ्यापेक्षा खाली आहे. त्या रात्री ती खुर्चीतच बसून राहिली आणि सकाळी सुताराने पायांखाली लाकडी ठोकळे बसवले, तेव्हा कुठे तिला पाठ टेकता आली. तुमच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तिथे उकिडवे बसणे चालणार नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या आधीच कमोड, भिंतीला पकडायचे दांडे आणि हात असलेल्या खुर्चीची व्यवस्था करा. वॉकर, घरी येणारे फिजिओथेरपिस्ट, तीन-चार आठवड्यांसाठी मदतनीस आणि तपासणीसाठी पुण्याच्या गाडीफेऱ्या, या सर्वांसाठी ६० ते ७० हजार रुपये बाजूला काढावेत, असे मी सुचवेन. डिस्चार्जनंतर साधारण ६० दिवसांपर्यंतची औषधे आणि फिजिओथेरपी अनेक पॉलिसींत मिळते, मात्र डॉक्टरांची लेखी चिठ्ठी व पावती दोन्ही लागतात. मदतनीस आणि घरातले बदल सहसा त्यात येत नाहीत.

ही रक्कम उभी करण्यासाठी बँकेतली तुमची ३ लाखांची मुदत ठेव पुरेशी आहे. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर लागेल तेवढी उचल, घेतल्यास ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक ते दोन टक्के जास्त व्याज पडते, तेही वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांपुरतेच, आणि सात महिन्यांनी ठेव पिकली की तो हिशेब मिटतो.

चिरंजीवांना पैशांपेक्षा रजा मागा. शस्त्रक्रियेची तारीख त्यांच्या सुटीशी जुळवून घ्या, म्हणजे घरी आल्यावरचे पहिले दहा दिवस वडिलांना उठवायला, चालवायला आणि रात्री संडासापर्यंत न्यायला तुमच्या एकटीचे हात नसतील.