वाचकांचे प्रश्न : फातोर्ड्याच्या सामन्याला जाताना

प्रश्न : आम्ही सांगलीच्या विश्रामबाग परिसरातील सात मित्र मुंबई सिटी एफसीचे समर्थक आहोत. इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेतील मुंबई आणि एफसी गोवा यांचा सामना यंदा मडगावच्या फातोर्डा मैदानावर जाऊन पाहायचा, असे आम्ही ठरवले आहे. आजवर आम्ही परगावी जाऊन एकही सामना पाहिलेला नाही. आमच्यापैकी तिघे नोकरी करतात, बाकीचे महाविद्यालयात आहेत. जमल्यास समुद्रावरही जायचे आहे. तयारीला सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सुरुवात परतीच्या प्रवासापासून करावी. पहिल्यांदा अवे, म्हणजे परक्या मैदानावरील, सामन्याला निघालेली मंडळी जाण्याचा बेत बारकाईने आखतात आणि येण्याचे तिथे गेल्यावर पाहू म्हणतात. मडगावच्या बाबतीत हे अंगलट येते. साडेसातला सुरू झालेला सामना मध्यंतर आणि वाढवून दिलेला वेळ धरून साडेनऊच्या सुमारास संपतो, गर्दीतून रस्त्यावर येईपर्यंत दहा वाजतात, आणि मिरजेला आणून सोडणारी गोवा एक्स्प्रेस तर वास्कोहून दुपारीच सुटलेली असते. म्हणजे सामन्याची रात्र गोव्यातच काढावी लागणार, हे आधी मान्य करावे आणि मग पुढचा सगळा बेत त्या रात्रीभोवती बसवावा.

सामना शनिवारी असेल तर तुमचे काम फार सोपे आहे. दिल्लीकडून येणारी गोवा एक्स्प्रेस शुक्रवारी रात्री मिरजेत पकडली की शनिवारी पहाटे मडगाव येते. शनिवारी संध्याकाळी सामना, रात्री मुक्काम, रविवारी दुपारी तीच गाडी उलट दिशेने आणि रात्री मिरज. नोकरी करणाऱ्यांची एकही रजा खर्ची पडत नाही. सामना रविवारी असल्यास सोमवारची रजा आधीच टाकून ठेवावी. परतीच्या गाडीचा आणखी एक लाभ असा की, कुळे ते कॅसलरॉक हा घाट उजेडी पार होतो आणि दूधसागर धबधबा डब्यातून दिसतो. जाताना तो अंधारात निघून गेलेला असतो.

सांगलीकर समर्थकांनी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. २०१४ मध्ये ही लीग सुरू झाली, तेव्हा आपल्या भागातील पुष्कळजण पुण्याच्या संघासाठी बालेवाडीला जात असत. तो संघ २०१९ मध्ये बंद झाला आणि त्यातील अनेकांनी मुंबईला आपले मानले. पण मुंबईचे घरचे मैदान अंधेरीत, सांगलीपासून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, तर मडगाव अडीचशेच्या आत-बाहेर. ज्याला आपण परक्याचे मैदान म्हणतो, तेच आपल्याला जवळ पडते. म्हणूनच वर्षातून एकदाच सामना पाहण्याची ऐपत आणि सवड असेल, तर तो फातोर्ड्यालाच पाहावा, असे माझे मत आहे.

आता आरक्षण. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती, त्यामुळे जुन्या सवयीने विसंबून राहू नये). साखळी सामन्याचे तिकीट बहुधा शेवटच्या आठवड्यातही मिळते, पण शुक्रवार-रविवारच्या गाडीत सात बर्थ एकत्र मिळत नाहीत. म्हणून सामन्याची तारीख जाहीर झाली की आधी गाडी, नंतर खोली आणि मग मैदानाचे तिकीट, हा क्रम ठेवावा. मात्र दूरचित्रवाणी प्रक्षेपणाच्या किंवा बंदोबस्ताच्या सोयीसाठी तारखा आणि वेळा बदलतात, हेही गृहीत धरावे. रेल्वेचे तिकीट रद्द केल्यास काही रक्कम कापून बाकीची परत मिळते आणि गाडी सुटण्याची वेळ जवळ येईल तशी कपात वाढत जाते. खोलीच्या बाबतीत मात्र पैसे परत न देणाऱ्या स्वस्त सवलतीच्या मोहात पडू नये. एका वर्षी सामना एका दिवसाने पुढे गेला आणि आम्हा चौघांचे खोलीचे सगळे पैसे बुडाले, तेव्हापासून मी थोडे जास्त पैसे देऊन रद्द करता येणारी खोलीच घेतो.

खोली कोठे घ्यावी, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण सारा बेत बिघडतो तो इथेच. समुद्र पाहायचा म्हणून नवखे लोक कोलव्याला खोली घेतात. कोलवा मडगावपासून सहा-सात किलोमीटरवर आहे. दिवसा तिथे जायला बसही मिळते आणि पिवळ्या-काळ्या मोटारसायकलींचे ‘पायलट’ही मिळतात, परंतु रात्री दहानंतर हजारो माणसे एकदम रस्त्यावर आल्यावर बस नसते आणि टॅक्सीवाले मागतील ते भाडे द्यावे लागते. पहिल्या वर्षी आम्ही फातोर्ड्याहून कोलव्यापर्यंत चालत गेलो आहोत. वय लहान होते म्हणून निभावले, तरी तो अनुभव मी कोणाला सुचवणार नाही. खोली मडगावात, कदंब बसस्थानकाच्या किंवा जुन्या बाजाराच्या बाजूला घ्यावी, म्हणजे सामना संपल्यावर पायी खोलीवर पोहोचता येते आणि वाटेत गाड्यावर गरम रस ऑम्लेट (रश्शातले ऑम्लेट)-पावही खाता येतो. नाताळ ते नववर्ष हा काळ आणि जुन्या गोव्यातील ३ डिसेंबरच्या फेस्ताचे (चर्चच्या उत्सवाचे) दिवस यांत खोल्या महाग असतात. कार्निव्हलच्या दिवसांत मडगावात मिरवणूक निघते आणि रस्ते बंद होतात, त्यामुळे सामना फेब्रुवारीत असल्यास तेवढी तारीख पाहून घ्यावी.

मुक्काम जवळ असण्याचे महत्त्व २४ एप्रिल २०२४ च्या रात्री मला सर्वांत अधिक पटले. फातोर्ड्याला मुंबई आणि गोवा यांच्यातील उपांत्य फेरीचा पहिला सामना होता आणि नव्वदावे मिनिट येईपर्यंत गोवा २-० असा पुढे होता. माझ्या पुढच्या रांगेतील मुंबईच्या निळ्या जर्सीतले चौघे गाडी चुकेल म्हणून पंच्याऐंशीव्या मिनिटाला उठून गेले. त्यानंतर मुंबईच्या छांगटेने एक, विक्रम प्रतापने दुसरा आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटेने तिसरा गोल केला. मुंबई ३-२ ने जिंकली. इतक्या लांबून येऊन ती सहा-सात मिनिटे ज्यांना पाहता आली नाहीत, त्यांच्याबद्दल मला आजही मनापासून वाईट वाटते. शेवटच्या शिट्टीपर्यंत निश्चिंत बसता येईल असाच मुक्काम ठरवावा.

तिकीट घेताना स्वस्त आसन कोणते, एवढेच पाहू नये. पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी वेगळा भाग राखून ठेवलेला असतो. तो कोणता आणि त्याची तिकिटे कशी मिळतील, हे मुंबईच्या समर्थकांच्या ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ या गटाकडे आधी विचारावे. यजमानांच्या गॅलरीत निळी जर्सी घालून बसणे मला प्रशस्त वाटत नाही. गोव्याचा प्रेक्षक जाणता आहे. १८८३ मध्ये शिवोलीत एका पाद्र्याने मुलांना फुटबॉल शिकवला, तेव्हापासून हा खेळ तिथल्या गावागावात रुजला आहे, आणि चांगल्या खेळाला दाद देण्यात तो प्रेक्षक हात आखडता घेत नाही. तरीही त्यांच्या घरात, त्यांच्या मधोमध बसून त्यांच्या बचावपटूची हुर्यो उडवणे योग्य नाही. गोव्याच्या संघाचे चिन्ह गवा आहे. आपल्याकडे राधानगरीच्या जंगलात गवा पाहिलेल्यांना त्याच्या वाटेत उभे राहू नये, हे वेगळे सांगावे लागणार नाही. मैदानात पाण्याच्या बाटल्या, पॉवर बँक, हेल्मेट, मोठ्या पिशव्या बहुधा नेऊ देत नाहीत, म्हणून हे सामान खोलीवरच ठेवून निघावे आणि तिकिटावरील सूचना एकाने तरी पूर्ण वाचाव्यात.

समुद्राविषयी थोडे कठोरपणे लिहितो. कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेल्या आणि आयर्विन पुलाजवळ पूर अंगावर घेतलेल्या आपल्या मुलांना पाण्याचे भय उरत नाही. नदीत ओढ कोणत्या दिशेला आहे, हे काठावरून कळते. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने परत जाते आणि तो पट्टा वरून उलट शांत दिसतो. चांगले पोहणारे तिथेच फसतात, कारण ते सरळ किनाऱ्याकडे झुंजत राहतात आणि दमतात. अशा वेळी किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर यायचे असते. लाल-पिवळ्या निशाणांच्या मधल्या भागातच उतरावे, लाल निशाण असेल तर उतरूच नये आणि जीवरक्षक गेल्यावर, म्हणजे संध्याकाळनंतर, पाण्यात पाऊल टाकू नये. शनिवारी सकाळी मडगावला उतरून प्रतीक्षागृहात आंघोळ, बाजारात भाजी-पाव आणि मग दुपारपर्यंत कोलवा, असा क्रम ठेवला तर समुद्रही होतो आणि संध्याकाळसाठी विश्रांतीही मिळते. सामना जिंकल्याच्या आनंदात रात्री किनाऱ्यावर जायचा विचार कोणाच्या मनात आला, तर बाकीच्या सहाजणांनी त्याला अडवावे. उघड्यावर मद्यपान केल्यास गोव्याच्या कायद्याप्रमाणे जबर दंड होऊ शकतो, हेही ठाऊक असावे.

पैशांचा हिशेब एकाकडेच द्यावा आणि आरक्षणापूर्वी प्रत्येकाकडून पूर्ण रक्कम घ्यावी. ऐनवेळी एखादा गळाला, तर त्याच्या वाट्याचा भुर्दंड इतरांवर पडू नये. मैत्री टिकण्यासाठी हे आवश्यक आहे.

प्रश्न : आम्ही पाचजण तीन मोटारसायकलींवरून आंबोली मार्गे गोव्याला सामना पाहायला जाणार आहोत आणि सामना संपल्यावर रात्रीच परत निघणार आहोत. घाटात काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : कृपया असे जाऊ नका. मार्च २०२२ मध्ये केरळ ब्लास्टर्स आणि हैदराबाद यांचा अंतिम सामना फातोर्ड्याला होता, तेव्हा केरळहून मोटारसायकलीने निघालेले दोन तरुण समर्थक कासरगोड जिल्ह्यात अपघातात दगावले. ते मैदानापर्यंत पोहोचलेही नाहीत. तुमचा बेत त्याहून धोक्याचा आहे, कारण दिवसभर वाहन चालवून, तीन तास ओरडून आणि उभे राहून झाल्यावर मध्यरात्री आंबोलीचा घाट चढण्याची तुमची इच्छा आहे. त्या घाटात धुके उतरले की समोरचे वळण दिसत नाही. यावर घ्यावयाची काळजी एकच, ती म्हणजे रात्री न निघणे. रेल्वे जमत नसेल तर कोल्हापूरहून एसटीने पणजी आणि तिथून कदंबच्या शटल बसने तासाभरात मडगाव गाठता येते. मोटारसायकलीच न्यायच्या असतील, तर एक रात्र मडगावात काढा आणि सकाळी नाश्ता करून निघा.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी साताऱ्यात मुलींच्या संघातून फुटबॉल खेळते. तिचा संघ प्रशिक्षकांबरोबर फातोर्ड्याला सामना पाहायला जाणार आहे. घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध आहे आणि माझेही मन कचरते. तिला पाठवावे का?
– एक आई, सातारा

उत्तर : पाठवावे. पण त्याआधी प्रशिक्षकांना काही गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात आणि त्यांची उत्तरे तोंडी नव्हे, कागदावर घ्यावीत. संघाबरोबर मुक्कामाला जबाबदार प्रौढ स्त्री कोण आहे? मुलींच्या खोल्या एकाच मजल्यावर आहेत का? परतीच्या गाडीत सर्वांचे बर्थ निश्चित आहेत की काही प्रतीक्षायादीत आहेत? सामना संपल्यावर मुली मैदानाच्या कोणत्या दारापाशी एकत्र जमणार आहेत? या शेवटच्या प्रश्नाला ज्यांच्याकडे तयार उत्तर असते, त्यांनी बाकीचाही विचार केलेला असतो, असा माझा अनुभव आहे. मैदानात हजारो फोन एकाच वेळी चालू असल्याने संपर्क तुटतो, म्हणून जमण्याची जागा आधीच ठरलेली असावी आणि मुलीच्या खिशात खोलीचा पत्ता व दोन दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. आधार कार्डही तिच्याजवळच द्यावे, कारण ते खोली घेतानाही दाखवावे लागते.

वडीलधाऱ्यांना एक गोष्ट अवश्य सांगा. ज्या मैदानावर आपली मुलगी प्रेक्षक म्हणून जाणार आहे, तिथेच २६ ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामने झाले. जर्मनी, स्पेन, नायजेरिया आणि कोलंबिया यांच्या तिच्याच वयाच्या मुली त्या गवतावर खेळल्या. खेळणाऱ्या मुलीने असे मैदान जवळून पाहणे, खेळाडू सरावासाठी बाहेर येतात तेव्हा गोलरक्षक कसा उभा राहतो, चेंडू दुसऱ्या टोकाला असताना बचावपटू काय करतात, हे प्रत्यक्ष पाहणे तिच्या शिक्षणाचाच भाग आहे. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चेंडूभोवतीचा तुकडा तेवढा दिसतो, बाकीचे मैदान दिसत नाही.

आपले मन कचरत असेल, तर दुसराही मार्ग आहे. गोवा एक्स्प्रेस साताऱ्यालाही थांबते. स्थानक शहराबाहेर माहुलीकडे असल्याने निघताना रिक्षा आधी सांगून ठेवावी लागते, एवढेच. संघाच्या आरक्षणाबरोबर आपलाही एक बर्थ काढता येईल का, हे प्रशिक्षकांना आजच विचारा. मुलींबरोबर एखाद्या आईने येणे त्यांनाही सोयीचेच वाटेल. आरक्षण करताना खालचा बर्थ मागून घ्यावा आणि शक्य झाल्यास मुलीच्या शेजारचे आसन मैदानातही आपल्यासाठी राखावे, म्हणजे खेळातले काय चालले आहे, ते ती आपल्याला समजावून सांगू शकेल.