मेडिकल जर्नलमध्ये पीअर रिव्ह्यू नक्की कसा होतो? रिव्ह्यूअरची नावं आपल्या ओळखीतली द्यावीत का?

तुम्ही लिहिलंय की थीसिसवरचा पेपर पाठवून चार महिने झाले, स्टेटस 'अंडर रिव्ह्यू'च्या पुढे सरकत नाही, आणि गाईड म्हणतायत की रिव्ह्यूअर म्हणून ओळखीतली तीन नावं टाकली असती तर एव्हाना काम झालं असतं. हे वाचलं आणि राहवलं नाही, उद्या सकाळी राऊंड आहे तरी टाइप करत बसलेय.

आधी कामाचं पटकन सांगते. पेपर गेला की जर्नलच्या ऑफिसात कागदपत्रं बघतात, एथिक्स कमिटीचं पत्र, ट्रायल असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा नंबर, कॉपी केलंय का ते. मग एडिटर वाचतो आणि भरपूर पेपर तिथूनच परत जातात. तुमचा अजून आत आहे म्हणजे बहुतेक तेवढं पार पडलंय. मग एडिटर त्या विषयातल्या लोकांना, म्हणजे रिव्ह्यूअरना, पेपर तपासून द्याल का असं विचारायला लागतो, हाच पीअर रिव्ह्यू, आणि सगळा वेळ इथेच जातो. मी एका जर्नलचं एडिटिंगचं काम काही वर्षं केलंय, सहा-सात जणांना मेल करावेत तेव्हा दोघं हो म्हणायचे, त्यातला एक मुदत संपली तरी रिपोर्ट द्यायचा नाही, की परत नवा माणूस शोधा. पैसे म्हणाल तर बहुतेक ठिकाणी एक रुपया मिळत नाही, ओपीडी, परीक्षा, घर सगळं सांभाळून रात्री बसून वाचायचं. रिव्ह्यूअर दोन गोष्टी लिहितो, एक लेखकासाठी आणि एक फक्त एडिटरसाठी, ती दुसरी तुम्हाला कधीच दिसत नाही. आणि पेपर घ्यायचा की नाही ते रिव्ह्यूअर ठरवत नाही, तो सुचवतो, ठरवतो एडिटर. नावं कुणाची कुणाला कळतात ते जर्नलवर आहे. बऱ्याच ठिकाणी लेखकाला रिव्ह्यूअर कळत नाही, काही ठिकाणी दोघांनाही काही कळत नाही, आणि बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 1999 पासून रिव्ह्यूअर सही करून लिहितात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

2011 ची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका मेडिकल कॉलेजात मी मेडिसिनला असिस्टंट प्रोफेसर होते. पावसाळा लागला की मण्यार चावलेले पेशंट यायचे. शेतवस्तीवर जमिनीवर झोपलेली माणसं, पहाटे पोटात कळ येते म्हणून उठायची, अंगावर सूज नाही, दाताची खूण सापडत नाही, मग गावात कुणीतरी अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन परत पाठवायचं आणि दहा वाजेपर्यंत पापण्या उचलेनात, गिळता येईना, श्वास थांबायला लागायचा. आमच्याकडे व्हेंटिलेटर मोजून चार. ते भरले की नातेवाइकांना अम्बू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबायला शिकवायचो, रात्र रात्र एक भाऊ दाबायचा, तो थकला की दुसरा. तीन पावसाळ्यांचे पेशंट मी गोळा केले, 41 झाले. मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या पेशंटच्या माहितीचा एकच तक्ता, स्वतः बनवला, आधी फूलस्केप कागदांवर रेघा मारून, मग एक्सेलमध्ये.

आमचे एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, म्हणाले, जिल्ह्याच्या ठिकाणची केस सिरीज, म्हणजे नुसत्या पेशंटच्या नोंदींवरचा पेपर, कोण छापतंय, पुण्या-मुंबईचं नाव लागतं त्याला. हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला बसून काम करत होते, विंचूदंशात प्राझोसिन हे औषध देण्यावरचं त्यांचं लिखाण 1986 साली लॅन्सेट या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये आलं, आणि त्याच 2011 साली विंचवाच्या अँटिव्हेनमवरची, म्हणजे विषावरच्या उताऱ्यावरची, त्यांची ट्रायल बीएमजेत छापून आली, पेशंट महाडचेच. मी सरांना तेच बोलून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, पण पाठवायची परवानगी दिली.

साडेतीन महिन्यांनी उत्तर आलं, मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठे बदल करून परत पाठवा. पहिल्या रिव्ह्यूअरच्या चार ओळी, चांगलं आहे, भाषा सुधारा. दुसऱ्याची दोन पानं आणि 23 मुद्दे. पहिलाच मुद्दा, हा साप मण्यारच होता कशावरून, मेलेला साप तर सहाच जणांनी आणलाय. विषाची एलायझा टेस्ट, म्हणजे रक्तात कुठल्या सापाचं विष आहे ते दाखवणारी तपासणी, का केली नाही. माझा इतका संताप झाला की काय सांगू, रात्री दोन वाजता अम्बू दाबणाऱ्या माणसांना मी एलायझा विचारू का असं वाटलं. पुढचं दोन दिवस वाचलंच नाही. तिसऱ्या दिवशी वाचलं तर सतरावा मुद्दा असा होता की टेबल दोनमध्ये पेशंट 41 आहेत, टेबल तीनची बेरीज 40 येते, खुलासा करावा. एवढी एकच ओळ.

मी प्रिंटआउट घेऊन सरांकडे गेले. ते म्हणाले, एवढंच ना, टेबल तीनमध्ये एक वाढव, कोण बघायला येतंय. आणि रिव्ह्यूअरशी वाद घालायचा नसतो, सगळ्याला थँक यू लिहायचं, आकडा जुळवायचा, पाठवून द्यायचं.

मी एमआरडीत, म्हणजे जुने केसपेपर ठेवतात त्या रेकॉर्ड विभागात गेले. आमची एमआरडी तळमजल्यावर, कापडात बांधलेले केसपेपरचे गठ्ठे, वर्ष आणि महिना एवढंच वर लिहिलेलं, तिथल्या काकांना विचारून विचारून तीन दुपारी मी 41 च्या 41 केसपेपर परत काढले. सापडलं ते असं. एक तरुण बाई पंचमीला माहेरी आलेली. वडिलांनी कॅज्युअल्टीत आणली तेव्हा माहेरच्या आडनावाने पेपर निघाला. दोन तासांत आयसीयूत हलवली, तोवर नवरा आला होता, त्याने सासरचं आडनाव सांगितलं आणि दुसरा पेपर निघाला, दुसरा नंबर. पहिल्या पेपरवर 'शिफ्टेड' लिहिलेलं होतं, तारीख तीच, आणि मी मास्टर चार्ट भरताना त्याला डिस्चार्ज समजले. टेबल तीन वॉर्डच्या रजिस्टरवरून केलं होतं, तिथे ती एकदाच होती म्हणून 40. म्हणजे माझ्या पेपरात एक अशी पेशंट होती जी मण्यार चावून एका दिवसात बरी होऊन घरी गेली. खरी बाई नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होती.

सरांचं ऐकून टेबल तीनमध्ये एक वाढवला असता तर बेरीज जुळली असती आणि रिव्ह्यूअरही गप्प बसला असता, पण ती नसलेली पेशंट कायमची छापली गेली असती. पुढे कुणी सगळ्या सिरीज एकत्र करून आकडे काढले असते तर तिथेही ती मोजली गेली असती, आणि त्यावरून कुठल्या तरी तालुक्याच्या डॉक्टरने ठरवलं असतं की हा पेशंट एवढा काही गंभीर नाही, इथेच ठेवू.

मी एडिटरला सगळं जसंच्या तसं लिहिलं. दोन पेपर कसे निघाले, मी कुठे चुकले, आता पेशंट 40 आहेत, सगळी टेबलं नव्याने केली आहेत. मण्यारच्या मुद्द्यावर मात्र भांडले, पण नीट भांडले. शीर्षकात 'मण्यारचा संशय असलेले न्यूरोटॉक्सिक सर्पदंश' असा बदल केला कारण ते त्याचं बरोबरच होतं, आणि एलायझाबद्दल लिहिलं की ही टेस्ट आमच्याकडे नाही, आसपासही कुठे नाही, ही मर्यादा म्हणून पेपरात मांडते आहे, पण त्यासाठी निष्कर्ष मागे घेणार नाही. दुसऱ्या फेरीत त्याने एकच मुद्दा काढला, तोही स्पेलिंगचा. पेपर छापून यायला पाठवल्यापासून 14 महिने लागले. तो माणूस कोण होता मला आजतागायत माहीत नाही, पण माझं लिखाण इतकं बारकाईने त्याच्याआधी कुणी वाचलं नव्हतं, माझ्या थीसिसच्या एक्झॅमिनरनेही नाही.

सर नाराज झाले ते झालेच. म्हणाले, चूक लेखी दिलीस, उद्या कॉलेजवर कुणी बोट ठेवलं तर. कित्येक महिने नीट बोलले नाहीत, आणि अजून गेट-टुगेदरला भेटले की हा विषय निघतो, साध्या बेरजेसाठी हिने एमआरडी उपसली म्हणून.

पण सरांचं 'कोण बघायला येतंय' हे खरंच आहे, आणि मी म्हणते, नेमकं त्यामुळेच तसं करायचं नाही. रिव्ह्यूअरला केसपेपर दिसत नाहीत, तुम्ही जी टेबलं दिलीत तेवढीच दिसतात. 2020 च्या मे महिन्यात लॅन्सेटमध्ये कोविडच्या पेशंटना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध देण्यावरचा पेपर आला होता, 671 हॉस्पिटलं, 96 हजार पेशंट, त्याच्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने चालू ट्रायलमधला त्या औषधाचा भाग थांबवला. छापल्यावर बाहेरच्या लोकांना दिसलं की ऑस्ट्रेलियातले म्हणून दाखवलेले कोविडचे मृत्यू 73 आहेत आणि त्या तारखेपर्यंत अख्ख्या देशात नोंदलेले होते 67. मूळ डेटा मागितला तर तो पुरवणारी कंपनी देईना, शेवटी 22 मेला छापलेला पेपर 4 जूनला मागे घेतला. लॅन्सेटचे रिव्ह्यूअर होते ते, तरी निसटलं. आणि असं बरेचदा निसटतं. बीएमजेच्या लोकांनी एका पेपरात मुद्दाम 8 दोष घालून तो 420 रिव्ह्यूअरना पाठवला होता, 1998 साली जामा या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये ते छापलंय, ज्या 221 जणांनी उत्तर दिलं त्यांना सरासरी दोनच दोष सापडले. माझा सतरावा मुद्दा मला मिळाला हे माझं नशीब.

आता तुमच्या गाईडांचं. पोर्टलवर नावं मागितली असतील तर द्यायला हरकत नाही, बरीच जर्नल्स मागतात. पण ज्यांच्याबरोबर कधी काम केलं नाही, एकत्र पेपर नाही, एका कॉलेजात नव्हतो, अशांची द्या आणि त्यांचा संस्थेचा ईमेल द्या. गाईडांचे मित्र देऊ नका. दक्षिण कोरियातल्या एका संशोधकाने सुचवलेल्या नावांसमोर स्वतःचेच ईमेल टाकले होते आणि स्वतःचे पेपर स्वतःच तपासले, एडिटरला शंका आली ती रिव्ह्यू 24 तासांत परत यायला लागले म्हणून, 2012 साली त्याचे 28 पेपर मागे घ्यावे लागले. मित्राला सांगून करून घेणं आणि हे, यात मला फार फरक दिसत नाही. लवकर झालं असतं हे गाईडांचं बरोबर आहे. पण मित्र तुमच्या बेरजा बघणार आहे का?

हेही खरं की सगळ्यांना मला मिळाला तसा रिव्ह्यूअर मिळत नाही. माझे पाच पेपर तुमच्या सायटेशनमध्ये, म्हणजे संदर्भांच्या यादीत, घाला म्हणणारे असतात, मुद्दाम लटकवणारे असतात. अमेरिकेतल्या डॉ. मायकेल डॅन्सिंगर यांचा नाकारलेला पेपर तर रिव्ह्यू करणाऱ्यानेच स्वतःचा म्हणून दुसरीकडे छापला होता, 2017 च्या अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिनमध्ये त्यांनी त्या चोराला उघड पत्र लिहिलंय. असलं काही झालं तर सरळ एडिटरला लिहायचं, पुराव्यासकट.

तुम्ही सध्या एवढंच करा. चार महिने झालेत तर एडिटरला मेल करायला काही संकोच नको, मॅन्युस्क्रिप्ट नंबर घाला, पाठवल्याची तारीख घाला, रिव्ह्यू कुठवर आलेत एवढं दोन ओळींत विचारा, गाईडांना सीसीत ठेवा. आणि तोवर केसपेपर समोर घेऊन मास्टर चार्टच्या बेरजा एकदा तपासून ठेवा, रिव्हिजनला मुदत थोडीच असते आणि एमआरडीतून जुने गठ्ठे निघायलाच आठवडा जातो.