‘खंयचो तूं?’ विचारून माणूस कळत नाही

प्रश्न: ताई नमस्कार. डिचोलीजवळ आमचा काजूचा छोटा कारखाना आहे, वडिलांनी सुरू केलेला, सीझनला तीसेक माणसं असतात. गेल्या वर्षी सुपरवायझर घेतला, एमबीए झालेला, इंग्लिश एकदम फाडफाड, मुलाखतीतच सगळ्यांना पसंत पडला आणि अडीच महिन्यांत सोडून गेला, गराची ग्रेड त्याला शेवटपर्यंत कळलीच नाही. त्याच वेळी आणखी एक जण आलेला, त्याच्या बायोडेटात तीन वर्षं कोरी होती म्हणून मी नको म्हटलं, आज तोच शेजारच्या कारखान्यात सगळी लाइन सांभाळतो. मुलाखतीत नेमकं विचारायचं काय असतं?
— एक वाचक, डिचोली

उत्तर: दादा, आधी त्या तीन कोऱ्या वर्षांचं बोलते, कारण ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. ती वर्षं कोणती होती ते बघितलंत का? फेब्रुवारी २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाने गोव्यातली ८८ खाणींची लीज रद्द केली, मार्चच्या मध्यात काम थांबलं, आणि डिचोली, सत्तरी, सांगेकडे किती घरांची चूल त्यावर चालायची हे तुम्हाला मी काय सांगू, तुमच्याच गावात ट्रक दारात उभे राहून गंजले असतील. त्यातून जरा सावरतोय तोवर कोविड. त्या भागातल्या माणसाच्या बायोडेटात गॅप असणारच की. त्या काळात काय केलंस एवढं एक विचारलं असतंत तर कदाचित कळलं असतं की कुणाचं तरी कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, सांभाळत होता, टेम्पो चालवत होता, आजारी आईला बघत होता. हे कुणी बायोडेटात लिहीत नाही, कमीपणा वाटतो.

आता मुलाखत. आपल्याकडे माणूस समोर बसला की पहिला प्रश्न खंयचो तूं, म्हणजे कुठला तू, मग आडनाव, मग अमक्याचा कोण लागतोस, आणि निम्म्या वेळा आपलं मत तिथेच बनतं, पुढचा अर्धा तास आपण ते पक्कं करत बसतो. मी वेर्ण्याला एका औषध कंपनीच्या एचआरमध्ये होते तेव्हा वर्षानुवर्षं हेच केलं. एकदा पर्ये गावची एक मुलगी पॅकिंगसाठी आलेली, टेल मी अबाउट युअरसेल्फ म्हटलं तर ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिली, मी नावावर फुली मारली. लाइनवरच्या बाईंनी मात्र तिला जाता जाता गोळ्यांच्या स्ट्रिपचा एक ट्रे दिला, म्हणाल्या यातल्या खराब काढून दाखव. आम्ही मुद्दाम आठ खराब घातलेल्या, तिने नऊ काढल्या. नववी आम्हालाच दिसली नव्हती! त्या दिवसापासून मी आधी काम बघते, मग बोलते.

यावर अभ्यासही भरपूर झालाय. १९९८मध्ये अमेरिकेतल्या श्मिट आणि हंटर या दोघांनी ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून बघितलं की निवडीची कुठली पद्धत पुढच्या कामाशी किती जुळते. पूर्ण जुळलं तर १ धरा. अनुभवाची वर्षं मोजली तर ०.१८, शिक्षणाची वर्षं मोजली तर ०.१०, आणि प्रत्यक्ष काम करून दाखवायला लावलं तर ०.५४. पुढे २०२२मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब परत मांडला, बरेच आकडे खाली आले, काम करून दाखवणंसुद्धा ०.३३वर आलं, पण सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारायची मुलाखत ०.४२ घेऊन सगळ्यात वर राहिली. नुसत्या गप्पांची मुलाखत ०.१९. म्हणजे आपण ज्याला माणसाची पारख म्हणतो ना, ती एवढीच.

तर तुम्ही असं करा. सुपरवायझरसाठी पाच-सहा प्रश्न आधी कागदावर लिहा, तेही तुमच्याच कारखान्यातले. उदाहरणार्थ, ड्रायरमधून माल जास्त कडक निघाला, साल काढताना तुकडे पडतायत म्हणून बायका कुरकुर करतायत आणि संध्याकाळी गाडी यायचीय, तू काय करशील? प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि उत्तर ऐकलं की लगेच मार्क लिहायचे, वडिलांशी बोलायच्या आधी, त्यांनीही त्यांचे वेगळे लिहायचे. मग समोर ताट ठेवा, त्यात डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० या अख्ख्या गराच्या ग्रेड, पाकळी, तुकडा सगळं मिसळलेलं. ३२० म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० गर हे एकदा नीट समजावून द्या आणि अर्धा तास निवडायला सोडा. मागच्या वर्षीचा तुमचा एमबीए तिथेच कळला असता. त्या वेळेचे पैसे मात्र द्या हं, फुकट राबवून घेऊ नका.

आडनावाचं पण मनावर घ्याच. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले होते, फक्त नावं वेगळी. दलित नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या मानाने साधारण दोन तृतीयांश, मुसलमान नावाला त्याहून कमी. गोव्यात तर आडनाव आणि गाव सांगितलं की माणसाची सगळी कुंडली उघडते. अर्जाचा वरचा भाग दुमडून पिन मारा आणि मग वाचा. छोट्या गावात ओळख निघणारच, पण निदान पहिलं मत तरी नाव न बघता बनेल.

आणि सीझनच्या निवडणाऱ्या बायकांसाठी तर मुलाखत हवीच कशाला? न्यूयॉर्कजवळ याँकर्सला ग्रेस्टन नावाची बेकरी आहे, १९८२मध्ये सुरू झालेली, तिथे यादीत नाव लिहायचं आणि जागा झाली की पुढच्या नावाला काम, मुलाखत नाही, बायोडेटा नाही, पूर्वी तुरुंगात होतास का हेही विचारत नाहीत. शिकवतात आणि कामावर बघतात. तुम्ही एक सीझन करून बघा.

प्रश्न: मी फोंड्याला राहते, अकाउंट्सचं काम करायचे, मुलीमुळे चार वर्षं घरी होते. मुलाखतीला गेले की आधीचा पगार विचारतात आणि मग दुसरं मूल कधी हे पण. काय सांगू?
— एक वाचिका, फोंडा

उत्तर: अगं, आधीचा पगार सांगू नकोस. या जागेसाठी तुम्ही किती ठेवलाय ते सांगा, मग मी माझी अपेक्षा सांगते, असं शांतपणे म्हण. एकदा कमी मिळाला की तोच आकडा आयुष्यभर मागे लागतो, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने याच कारणासाठी कायदा केला, २०१८पासून तिथे ऑफर द्यायच्या आधी जुना पगार विचारता येत नाही. दुसऱ्या मुलाचं उत्तर द्यायला तू बांधलेली नाहीस. कायदा लागू असलेल्या ठिकाणी २०१७पासून बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवडे आहे, तिथे ती तुझा हक्क आहे आणि मुलाखतीत त्याची माफी मागायची काही गरज नाही. वेळेचं बोला, मी वेळ पाळते, एवढंच सांग आणि लगेच विषय कामावर आण, म्हण की एका महिन्याचं बँक स्टेटमेंट आणि टॅली समोर ठेवा, मी जुळवून दाखवते. पहिल्यांदा हे तोंडातून निघायला जड जातं, म्हणून आदल्या रात्री नवऱ्याला समोर बसवून दोनदा मोठ्याने म्हणून बघ.