तेंपुरा की टेम्पुरा, आणि त्याला ‘जपानी भजी’ म्हणावं का?

टोकियोत निशिकासाईला राहणाऱ्या एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. घराजवळच्या छोट्याशा खाणावळीत त्यांनी सासू-सासऱ्यांना जेवायला नेलं होतं. ओट्यासमोर मोजक्या खुर्च्या, पलीकडे आचारी, आणि तो एकेक जिन्नस तळून थेट पुढ्यात ठेवत होता. सासूबाई म्हणाल्या, “ही आपली भजीच की!” सासऱ्यांनी कुठेतरी वाचलं होतं की हा शब्द मुळात पोर्तुगीज आहे. ताई घरच्या मंडळींसाठी प्रवासाचं टिपण लिहीत आहेत, म्हणून त्यांच्या तीन शंका: शब्द कसा लिहायचा, तो खरंच पोर्तुगीज आहे का, आणि मराठीत ‘जपानी भजी’ म्हटलं तर चालेल का.

लिहायचा ‘तेंपुरा’. जपानीत आपल्यासारखा मूर्धन्य ट नाहीच. तिथला उच्चार दातांजवळचा, म्हणजे त च्या जवळचा आहे. आपल्याकडे ‘टेम्पुरा’ आला तो इंग्रजीतून, कारण इंग्रजी ‘टी’ आपल्या कानांना ट वाटतो. पोर्तुगीजांचा त सुद्धा दंत्यच. त्यांच्याकडून थेट आलेल्या तिजोरी, परात, फीत, काडतूस, पिस्तूल या शब्दांत आपण तो त म्हणूनच ठेवला आहे. (बटाट्यात मात्र त चे दोन ट झाले, हा अपवाद मान्य करावा लागतो.) ‘टोकियो’ इतकं रुळलं आहे की ते आता बदलायला जाऊ नये. तेंपुऱ्याचं तसं नाही. मराठीत तो अजून नवखा आहे, तोवरच नीट लिहायची सवय लावून घेता येईल.

अनुस्वार की म्? आपल्या लेखननियमांत परसवर्णाची, म्हणजे शीर्षबिंदूऐवजी म्, न् असं अनुनासिक अक्षर लिहिण्याची सवलत फक्त तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना आहे. तंबू, पंप, तांबं हे आपण शीर्षबिंदूनेच लिहितो, म्हणून ‘तेंपुरा’. पु ऱ्हस्व, कारण शब्द आकारान्त आहे: पाहुणा, तसाच तेंपुरा.

आता सासऱ्यांचा मुद्दा. त्यांनी वाचलेलं बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे, फक्त नेमका कोणता पोर्तुगीज शब्द यावर मतं वेगळी आहेत. एक मत ‘तेंपेरु’चं, म्हणजे मसाला, चव आणणारा जिन्नस, त्याचंच क्रियापद ‘तेंपेरार’. दुसरं मत ‘तेंपोरास’चं. कॅथलिक पंचांगात वर्षातून चार वेळा, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असे तीन-तीन दिवस उपासाचे असत. लॅटिनमध्ये त्यांना ‘क्वातुओर तेंपोरा’, म्हणजे ‘चार काळ’ म्हणत. त्या दिवसांत मांस वर्ज्य, मग मासे आणि भाज्या पिठात बुडवून तळायच्या. आवाजाच्या दृष्टीने दुसरं मत जास्त जुळतं आणि ती कथाही गोड आहे. पण मला पहिलं बळकट वाटतं. स्वयंपाकघरातला रोजचा शब्द ऐकून उचलला जाणं हे पंचांगातला शब्द पदार्थाला चिकटण्यापेक्षा सहज घडतं. शिवाय पोर्तुगालमध्ये आजही फरसबीच्या शेंगा पिठात घोळवून तळतात आणि त्यांना ‘मळ्यातले छोटे मासे’ अशा अर्थाचं नाव आहे. म्हणजे पदार्थ त्यांच्या घरचा होता, उपासापुरता नव्हता.

आपला धागा इथे जुळतो. पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले ते 1543 साली. सेंट फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये गोव्याहून निघून कागोशिमाला उतरले, आणि त्यांच्यासोबतचा जपानी सोबती आंजिरो याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यातच झाला होता. पुढे 1571 पासून नागासाकी बंदर पोर्तुगीज व्यापाराचं ठिकाण बनलं, आणि ती गलबतं गोवा, मलाक्का, मकाव असा मार्ग धरून जात. 1639 मध्ये जपानने पोर्तुगीजांना बंदी केली. माणसं गेली, शब्द राहिले. म्हणून कोकण किनाऱ्यावर आणि कागोशिमा-नागासाकी ज्यावर आहेत त्या क्यूशू बेटाच्या किनाऱ्यावर एकाच काळात, एकाच लोकांच्या तोंडून एकच शब्द उतरलेला दिसतो. आपण तंबाखू म्हणतो, ते ‘ताबाको’ म्हणतात. पोर्तुगीज ‘पांव्’चं आपल्याकडे पाव झालं, त्यांच्याकडे ‘पान’. शेवटचा अनुनासिक त्यांनी न करून जपला, आपण सोडून दिला. जपानी दुकानात ‘पान’ मागितलं तर पावच मिळेल. आणि तळणाच्या वरच्या आवरणासाठी जो ‘पांको’ लावतात तो म्हणजे पान आणि को, पाव आणि पूड: पावाचा चुरा. हे मला फार आवडतं, कारण ‘परका शब्द’ म्हणून ज्याच्याकडे आपण बघतो तो नात्याने आपल्या पावाचा भाऊ निघतो.

जपानी लिपीत तेंपुरा तीन चिन्हांनीही लिहितात. ती फक्त ध्वनीसाठी घेतलेली आहेत, तरी त्यांच्यावर एक किस्सा रचला गेला. एदो काळातला, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकादरम्यानच्या जपानमधला लेखक सांतो क्योदेन याने ओसाकाहून पळून आलेल्या एका तरुणाच्या तळणाच्या गाडीला हे नाव दिलं, असं त्याच्या धाकट्या भावाने लिहून ठेवलं आहे. ‘तेन’ म्हणजे तेन्जिकु, दुसरं चिन्ह पिठाचं, तिसरं तलम वस्त्राचं. तेन्जिकु हे जुन्या जपानीत भारताचं नाव, आणि ‘तेन्जिकु रोनिन’ म्हणजे घरदार सोडून भटकणारा माणूस. भारताचं नाव आलं की आपले कान टवकारतात, पण यावरून तेंपुऱ्याचं मूळ भारतात नेऊ नये. क्योदेनचा जन्म 1761 चा, आणि पीठ लावून तळलेल्या तेंपुऱ्याची कृती 1748 च्या पाकपुस्तकातच सापडते. भज्यांवरून तेंपुरा निघाला असंही कुणी कुणी लिहितात. त्याला निदान शब्दाचा आधार नाही.

तिसरी शंका मात्र सगळ्यांत रसाळ. सासूबाईंनी पाहिलं ते खरंच आहे: काहीतरी पिठात बुडवलं, तेलात सोडलं, कुरकुरीत काढलं. पण पिठाकडे बघा. भज्यांत बेसन हीच अर्धी चव असते. ओवा, हळद, तिखट, मीठ सगळं पिठात, वर कडकडीत तेलाचं मोहन, आणि पीठ हाताने चांगलं फेटून घ्यायचं. तेंपुऱ्याच्या पिठाला जपानीत ‘कोरोमो’ म्हणतात, म्हणजे अंगावरचं वस्त्र. मऊ गव्हाचं पीठ, अंडं आणि बर्फासारखं गार पाणी. मीठसुद्धा घालत नाहीत. ते फेटायचं तर नाहीच, जाड काड्यांनी दोन-चार वेळा हलवून गुठळ्या तशाच ठेवायच्या, कारण जास्त ढवळलं की गव्हातलं ग्लुटेन ताणलं जाऊन आवरण चिवट होतं. भाज्यांना तेल 160–170 अंशांवर, मासळीला साधारण 180. आवरणातलं पाणी वाफ होऊन जातं आणि आतला जिन्नस स्वतःच्याच ओलाव्यावर शिजतो. म्हणून आचारी कान देऊन असतो: तेलाचा आवाज बारीक आणि उंच झाला की जिन्नस वर काढायचा. भज्यांत आपण पीठ खातो आणि त्यात कांदा असतो. तेंपुऱ्यात कोळंबी खातो आणि तिच्यावर पीठ असतं. हा फरक ‘जपानी भजी’ या नावात बुडून जातो, म्हणून मी ते नाव घेणार नाही.

एका पदार्थापुरता मी माघार घेईन. जेवणाच्या शेवटी बहुधा ‘काकिआगे’ येतो: बारीक कोळंबी, कांदा, गाजर असं सगळं एकत्र कालवून तळलेला झुबका. त्याला कुणी खेकडा भजीची बहीण म्हटलं तर मी आनंदाने मान डोलावेन.

टिपणात आणखी काही शब्द लागतील. ‘एबी’ म्हणजे कोळंबी. ‘किसु’ हा मासा ताईंना अनोळखी वाटला असेल, पण तो आपल्या मुडदुशीच्याच कुळातला आहे, तेव्हा खुशाल ‘मुडदुशीचा तेंपुरा’ लिहा. मालवणी वाचकाला चव लगेच कळेल. ‘रेन्कोन’ ही कमळकाकडी. सोबतच्या पातळ रशाला ‘तेंत्सुयु’ म्हणतात. त्यातला त्सु मराठी माणसाला अवघड नाही, चमच्यातला च तोच आहे. त्यात मुळ्याचा कीस कालवून घ्यायचा. तळताना तेलात सुटलेल्या पिठाच्या कणांना ‘आगेदामा’ किंवा ‘तेंकासु’ म्हणतात, आणि वडापावच्या गाडीवरचा चुरा जसा मागून घेतात तसाच तोही उदोन-सोबा या जपानी शेवयांवर घालून खातात. आणि ‘एबी फुराई’ला तेंपुरा समजू नका. फुराई म्हणजे इंग्रजी ‘फ्राय’, त्याला वर सांगितलेला पांको लावलेला असतो.

प्रवासात शब्दाचा अर्थही सरकतो. पश्चिम जपानात, विशेषतः क्यूशू आणि शिकोकूत, ‘तेंपुरा’ मागितल्यावर वाटलेल्या मासळीच्या तळलेल्या चकत्या समोर आल्या तर त्यात चूक कुणाचीच नाही. तिकडे त्यांनाही हेच नाव आहे. टोकियोत त्या ‘सात्सुमाआगे’. लाक्षणिक अर्थ तर फारच मार्मिक. वरून सोन्याचा मुलामा दिलेल्या वस्तूला बोली जपानीत तेंपुरा म्हणत, आणि महाविद्यालयात नाव न घालता नुसता गणवेश घालून वावरणाऱ्या तरुणाला ‘तेंपुरा विद्यार्थी’.

लिंगाचं कुणी विचारलेलं नाही, पण लिहायला बसल्यावर पहिली अडचण तिथेच येईल. आकारान्त म्हणून पुल्लिंगी: गरमागरम तेंपुरा आला. भज्यांच्या ओढीने ‘ती तेंपुरा’ असं तोंडात येतं, ते टाळावं. सामान्यरूप दोऱ्याचा, वाऱ्याचा याप्रमाणे ‘तेंपुऱ्याचा’ करावं. ‘तेंपुराचा’ लिहिणारे बरेच भेटतील, ‘पिझ्झाचा’ लिहिणारे भेटतात तसेच, पण विकार झाला की शब्द घरचा होतो आणि मला तो घरचा झालेला हवा आहे. अनेकवचन ‘तेंपुरे’ मात्र मी करणार नाही. तेंपुरा हा तळणाचा प्रकार आहे, नगावर मोजायची वस्तू नव्हे; मोजायच्या त्या आतल्या कोळंब्या आणि मुडदुशा. ‘तेंपुऱ्यात तीन कोळंब्या आणि दोन मुडदुशा होत्या’ असं लिहा.